चिकटलेलं जुनं पॅकिंग: रिमूव्हर आणि ब्लेड, की डिस्क?

इंजिनाच्या दोन भागांच्या सांध्यात तेल अडवायला बसवतात ते पॅकिंग. क्लच कव्हरचं एकवेळ सोलून निघतं. सिलिंडर ब्लॉकखालचं मात्र, त्यातही एक्झॉस्टच्या बाजूचं, वर्षानुवर्षं भाजून अॅल्युमिनियमशी एकजीव झालेलं असतं. तिथे दोनच रस्ते उरतात: रिमूव्हर, म्हणजे पॅकिंग मऊ करणारं रसायन, मारून ब्लेडने खरवडायचं, किंवा ग्राइंडरला घासणीची डिस्क लावून उडवायचं. हीट गनने जुना डिंक थोडा सैल होतो, पण एवढ्या मोठ्या धातूच्या गोळ्यात उष्णता लगेच पसरून जाते. त्यामुळे तिचा उपयोग सुट्या कव्हरपुरताच धरावा.

वेगात डिस्कची बरोबरी नाही. रिमूव्हर मुरेपर्यंत वाट बघत बसायचं, तेवढ्यात डिस्कने पूर्ण कव्हर चकचकीत होतं. तिची पहिली अडचण त्या चकाकीतच आहे. चमकतं तिथे पॅकिंगसोबत थोडा धातूही गेलेला असतो, आणि तो सगळीकडे सारखा जात नाही. बोल्टच्या भोकांभोवती आणि दोन भोकांमधल्या अरुंद पट्टीवर डिस्क जास्त खाते. डोळ्याला खळगा दिसत नाही, बोटाला लागत नाही. नवं पॅकिंग बसवल्यावर नेमकं तिथूनच तेल पाझरायला लागतं.

तरीही हलक्या हाताने खळगे टाळता येतील, असं म्हणायला जागा आहे. पारडं फिरवते ती डिस्कची धूळ. घासणीत अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, काचेहूनही कठीण. क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक बसलेल्या खालच्या केसिंगच्या, तोंडात कितीही चिंध्या कोंबा, ही पूड स्टडच्या मुळाशी, तेलाच्या भोकात, चेनच्या खाचेत शिरतेच. चिंधी काढताना तिच्यावरची पूड परत आत सांडते ती वेगळीच. ड्रेन बोल्टच्या चुंबकाला हे कण चिकटत नाहीत. बऱ्याच लहान इंजिनांत पंपाच्या तोंडाशी फक्त जाळी असते. तिच्यातून ते आरामात पार होतात, आधी पंप घासतात आणि मग बेअरिंगांकडे जातात. पाझर निदान बाहेर दिसतो. हा कचरा आवाज येईपर्यंत कळत नाही.

रिमूव्हरचं काम ओलं, म्हणून त्याचा केर उडत नाही. खूप जुन्या इंजिनाच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तिथे तर कोरडं घासूच नये. आधी डॉवेल (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या पिना) काढा आणि क्रँककेसच्या तोंडात न सुटणाऱ्या धाग्यांचं एकच मोठं फडकं भरा. रिमूव्हर शक्यतो डब्यात फवारून ब्रशने फक्त पॅकिंगवर लावा. थेट स्प्रे मारला की रंग गेलाच म्हणा. ऑइल सील, ओ-रिंग, वायरिंग, क्लचच्या प्लेटा यांना तो लागू देऊ नका. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, खिडक्याही उघड्या हव्यात. दहा ते वीस मिनिटं थांबा. वरचा थर फुगला की तेवढाच काढा, परत लावा. भाजलेल्या पॅकिंगला दोन-तीन फेऱ्या लागतात. पहिल्याच फेरीत जोर लावला की ब्लेड अॅल्युमिनियममध्ये रुततं.

ब्लेड एकधारी घ्या आणि त्याचे दोन्ही कोपरे ऑइल स्टोनवर गोल करा, कारण ओरखडे बहुतेक कोपऱ्यानेच पडतात. पाते जवळजवळ आडवे धरून पॅकिंगच्या लांबीच्या दिशेने सरकवा. लांबीतला बारीक ओरखडा पॅकिंग सांभाळून घेतं. आतून बाहेर आडवा गेलेला ओरखडा म्हणजे तेलाला काढून दिलेली वाटच. पितळी स्क्रॅपर अधिक सुरक्षित वाटतो, पण धार लवकर जाते. प्लास्टिकचा नुसत्या फुगलेल्या थराला पुरतो.

हा रस्ता कंटाळवाणा आहे, हे मान्य. शिवाय मागच्या माणसाने पॅकिंगला सिलिकॉन फासलं असेल तर साधा रिमूव्हर त्याला फारसा मऊ करत नाही. ते प्लास्टिकच्या स्क्रॅपरने आणि अंगठ्याने वळ्या काढत सोलावं लागतं. घाई म्हणून ओव्हन साफ करायचा कॉस्टिक फेस वापरू नये, तो अॅल्युमिनियमलाच खातो.

इंजिन पूर्ण सुटं असेल, प्रत्येक तेलमार्ग धुऊन हवेने फुंकता येणार असेल, तर डिस्कला नाही म्हणायचं कारण कमी उरतं. पण तेव्हाही सुटं कव्हर जाड काचेवर चिकटवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर तेल टाकून फिरवलं तर ते सपाटही राहतं. क्रँककेसवर उरलेल्या डागांना तेल लावलेला बारीक ऑइल स्टोन आडवा टेकवून दोन हात पुरतात. डाग दिसला तरी नखाला लागत नसेल तर तो सोडून द्यावा.

शेवटी पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून सरळ पट्टी टेकवा; ०.०५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पत्ती) खालून जाता कामा नये. हीट गन वापरणार असाल तर क्लोरीनचा ब्रेक क्लीनर तिच्या आसपासही नको, तापल्यावर त्याचा विषारी वायू होतो. आणि बंद तळाच्या बोल्टच्या भोकांत साचलेला रिमूव्हर व तेल हवेने काढूनच बोल्ट घाला, नाहीतर दाबाने केसिंगला चीर जाऊ शकते.