हूनेट: आठ महिने वापरल्यावर

फोंड्यातल्या एका छोट्या खासगी लॅबमध्ये मी कल्चर बघते, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते तपासते. दिवसाला पाच-सात नमुने, बहुतेक लघवीचे. गेल्या पावसाळ्यात आमच्या सरांनी फर्मान काढलं, "रजिस्टर पुरे झालं, आता हूनेटवर घे." त्याला आता आठ महिने झाले.

हूनेट म्हणजे अशा तपासण्यांच्या नोंदी ठेवून कोणतं औषध किती टक्के जंतूंवर चालतं ते काढणारं सॉफ्टवेअर, आणि ते फुकट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोस्टनमधल्या सहयोगी केंद्राचं. दिल्लीच्या एनसीडीसीचं (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) नार्स-नेट म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर नजर ठेवणारं लॅबचं जाळं; तिथल्या लॅबही हेच वापरतात. आम्ही त्या जाळ्यात नाही, आमच्या नोंदी आमच्यापुरत्याच. दिसायला जुनाट, आणि पहिला आठवडा नुसता डिस्कची, म्हणजे प्लेटवर ठेवायच्या औषधाच्या चकत्यांची, यादी भरण्यातच गेला.

रजिस्टरमध्ये आम्ही फक्त 'एस' (सेन्सिटिव्ह, औषध चालतं) नाहीतर 'आर' (रेझिस्टंट, चालत नाही) लिहायचो. हूनेटला झोनचे, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचे, मिलिमीटर भरता येतात, आणि सरांचा हट्ट की तेच भरायचे. प्रत्येक प्लेटवर पट्टी धरायची म्हणजे वैतागच! मग मी जुनी रजिस्टरं भरायला घेतली आणि तिथे अडकले. हे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकन संस्थेने 2019 मध्ये ई. कोलाय या लघवीत नेहमी सापडणाऱ्या जंतूच्या गटासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकचा निकष बदलला. आधी 21 मिमी झोन आला की सेन्सिटिव्ह. आता त्यासाठी 26 लागतात आणि 21 म्हणजे सरळ रेझिस्टंट. आमच्या 2017 च्या पानावर नुसता 'एस'. तो झोन 22 होता की 30, कोण सांगणार? आकडा असता तर नव्या निकषाने पुन्हा वाचता आला असता. रजिस्टरं निमूट कपाटात परत ठेवली.

दुसरा घोळ आमचाच. एक कॅथेटरवाले आजोबा आठ महिन्यांत सहा वेळा आले, दर वेळी तोच हट्टी ई. कोलाय. हूनेटला सांगितलं तर ते एका रुग्णाचा पहिलाच जंतू मोजतं, नाहीतर असे दोन-तीन आजोबा सगळी टक्केवारी बिघडवतात. पण आमच्या काउंटरवर दर खेपेला नवा नंबर दिला जायचा, त्यामुळे हूनेटच्या लेखी ते सहा वेगळे रुग्ण! नावावरून जुळवावं तर फोंड्यात नाईक आणि गावडे काय थोडे आहेत? दोन रविवार त्यातच गेले. आता जुना नंबर विचारल्याशिवाय नमुना घेत नाही.

तारखांचंही जपा. कॉम्प्युटरवर तारखेत दिवसाच्या आधी महिना असेल तर 5 जुलैचा नमुना 7 मेला जाऊन बसतो. मला हे चतुर्थीच्या सुट्टीनंतर कळलं.

आणि हे सगळं कशासाठी, तर सर आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवरचा वार्षिक अहवाल वाचून धास्तावले होते. आयसीएमआरच्या या वेगळ्या जाळ्याचं काम 2013 पासून चाललंय. 2017 मध्ये सुमारे 81 टक्के ई. कोलायवर इमिपेनेम हे तगडं अँटिबायोटिक लागू पडायचं, 2023 पर्यंत ते 63 च्या आसपास आलं. ॲसिनेटोबॅक्टर या जंतूचं तर बोलायलाच नको. पण ते नमुने मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतले, त्यात आयसीयूतलेही. आमच्याकडे येते ती बाजार करून परतताना बाटली ठेवून जाणारी बाई. तिच्या जंतूंचा हिशेब त्या अहवालात कसा सापडणार?

सहा महिन्यांचा तक्ता काढून सरांपुढे ठेवला. इमिपेनेमला दाद न देणारे थोडेच, नायट्रोफ्युरॅन्टॉइन हे लघवीच्या संसर्गाचं औषध उत्तम, सिप्रोचा मात्र बोऱ्या वाजलेला. सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मग इतके दिवस मी सिप्रो कशाला लिहितोय?" यावर मी काय बोलणार!

छोट्या लॅबवाल्यांनी जरूर घ्यावं. फक्त बॅकअप रोज पेनड्राइव्हवर, आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. आणि धीर धरा. 30 रुग्णांचे तरी जंतू जमल्याशिवाय टक्केवारी काढू नये असा दंडक आहे. ई. कोलायचे कधीच झाले, क्लेब्सिएला हा दुसरा जंतू अजून 27 वर अडकलाय.