वॉर्ड वॉर रूम: मुंबईच्या बेडवाटपाचा हिशेब

‘आपल्या ओळखीतले आहेत, एक बेड बघा ना,’ या वाक्याची धार बोथट केली, ही मुंबई महापालिकेच्या वॉर्ड वॉर रूमची मोठी कमाई. कोविडच्या सुरुवातीला सगळा भार १९१६ या एकाच हेल्पलाइनवर होता. जून २०२० मध्ये तो २४ वॉर्डांतल्या वॉर रूमवर, म्हणजे बेड वाटणाऱ्या नियंत्रण कक्षांवर, वाटला. मे महिन्यातच राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतले ८० टक्के बेड ताब्यात घेतले होते. नाहीतर वॉर रूमकडे वाटायला होतं काय?

हुशारीचा बदल लॅब रिपोर्टचा. रिपोर्ट आधी पालिकेकडे, तिथून वॉर्डात, मग रुग्णाला फोन. ज्याचा फोन आधी लागला त्याला बेड, ही रांग त्यामुळे मोडली. ‘आधी येईल त्याला’ हे दिसायला सरळ, पण त्यात गाडीवाला आणि वशिलेवाला पुढे जातो.

फोनवरची तपासणी मात्र सॅच्युरेशनच्या, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीच्या, आकड्यावर चालायची, आणि तो आकडा फसवा. मेंदी, नेलपॉलिश, गार बोटं यांनी रीडिंग बिघडतं. सावळ्या कातडीवर तर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. ९४ च्या खाली तेवढं गंभीर, असं धरून बसलं की ९५ वाला घरीच राहतो. म्हणून बोट चोळून गरम करायचं, पाच मिनिटं शांत बसवायचं, आकडा स्थिरावला की टिपायचा. मग सहा मिनिटं चालवायचं, साठीपुढच्यांना तीन. सॅच्युरेशन तीनपेक्षा जास्त घसरलं तर रुग्ण वरच्या यादीत. बसल्या जागी दम लागत असेल तर चालवणं सोडा, गाडी पाठवा. एप्रिल २०२१ मध्ये डॉक्टरांचं पथक घरी जाऊन तपासायला लागलं, तेव्हा हे नीट जमू लागलं.

रुग्णाला बेड देण्याच्या कामाला माझे पाचपैकी चार गुण. बेड रिकामा करून घेण्याला दोनच. लक्षणं नसलेले रुग्ण खासगी बेड अडवून बसत. त्यांना घरी सोडा, असे आदेश पालिकेला काढावे लागले. बऱ्या होत आलेल्यांसाठी हॉटेलांत सोय झाली, पण तीही दुसरी लाट उसळल्यावर.

आयसीयूचा एकच बेड आणि गरजू दोन, हा पेच फोनवर सुटत नाही. तिथे जगण्याची शक्यता बघायची, नुसतं वय नाही. ठरवणारा डॉक्टर उपचार करणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. दोघं अगदी सारखेच निघाले, तर सरळ चिठ्ठी टाकायची आणि तसं केसपेपरवर लिहायचं.