मोटरच्या कामाला पुरेपूर उतरलेला मेगर

४१५ व्होल्टच्या मोटरींची देखभाल हे माझं रोजचं काम. त्यांना ५०० व्होल्टची टेस्ट पुरते, म्हणून २५०, ५०० आणि १००० व्होल्टचा हा डिजिटल मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, घेतला. हँडलच्या मेगरवर दहा मिनिटं एकसारखा वेग ठेवताना हात भरून येतो. इथे बटण लॉक केलं की १ आणि १० मिनिटांची रीडिंग साठते, पीआयही (पोलरायझेशन इंडेक्स, म्हणजे १० मिनिटांचं रीडिंग भागिले १ मिनिटाचं) तोच काढतो. सगळ्यात भावलं ते ऑटो डिस्चार्ज! लांब केबलमध्ये टेस्टनंतर चार्ज उरतो, तो उतरेपर्यंत स्क्रीनवर व्होल्टेज दिसत राहतं. जिवाचा प्रश्न आहे, हे असायलाच हवं. क्लिपा मात्र लहान, मोठ्या लगवरून (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडावरून) निसटतात. ११ केव्हीच्या मोटरींसाठी हा घेऊ नका. तिथे २५०० ते ५००० व्होल्टचा लागतो.