डॅक-अँप घ्यायचाय? आधी हेडफोनचे आकडे बघा

बजेटमधला डॅक-अँप (डॅक डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवतो, अँप तो हेडफोनला पुरेल इतका मोठा करतो) कुठला घेऊ असं विचारणारे बहुतेक जण आपला हेडफोन कुठला आहे तेच सांगत नाहीत, मग समोरचा पण डॅक चिप बनवणाऱ्या कंपन्यांची नावं फेकायला लागतो, ईएसएस घे, एकेएम घे, आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. म्हणून दोन टोकांच्या वस्तू घेऊन सांगतो. एक अ‍ॅपलचा टाइप-सीचा डोंगल, म्हणजे फोनला हेडफोन जोडायची छोटी वायर, आणि दुसरा फिओ ई10के, म्हणजे टेबलावर ठेवायचा छोटा डबा. मॉडेल जुनं आहे पण सेकंडहँडमध्ये अजून दिसतं आणि या भानगडी समजून घ्यायला एकदम बरं आहे.

डोंगल बघून आधी हसायलाच येतं, वीतभरसुद्धा नाही एवढी वायर आणि म्हणे यात डॅकपण आहे अन् अँपपण. पण आवाज खरंच स्वच्छ आहे. साधारण 1 व्होल्ट आउटपुट देतो, आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) 1 ओहमच्या आसपास, आणि 24 बिट 48 किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला 48 हजार नमुन्यांपर्यंत चालतो. 48 च का म्हणून नाक मुरडू नका, सीडीच मुळात 16 बिट 44.1 ची असते आणि त्यात 22 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज मावतात, आपले कान 20 ला थकतात (वय वाढलं की त्याच्याही बरंच आधी).

आता 1 व्होल्टमध्ये काय होतं ते बघा. सेनहायझर एचडी 600 हा हेडफोन घेऊ, 300 ओहम इम्पिडन्सचा, लोक याचं नाव काढलं की लगेच मोठा अँप लागेल म्हणतात. 1 मिलीवॅटला साधारण 97 डेसिबल धरा, 300 ओहमवर 1 व्होल्ट म्हणजे 3.3 मिलीवॅट, म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाला 102 डेसिबलच्या आसपास जातो. रोजच्या ऐकण्याला पुरतं की. फक्त हळू आवाजात रेकॉर्ड केलेलं शास्त्रीय काही लावलं, संथ आलाप वगैरे, की व्हॉल्यूम टोकाला जातो आणि अजून थोडा हवा होता असं वाटतं. उलट हायफायमॅन एचई-6 बघा, फक्त 50 ओहम, ओहम बघून वाटेल सोपा असेल, पण सेन्सिटिव्हिटी (1 मिलीवॅटला किती आवाज) 83.5 डेसिबल आहे त्याची, तिथे डोंगलच काय बरेचसे टेबलवाले अँपपण हात टेकतात. म्हणजे नुसते ओहम बघून काही कळत नाही, दोन्ही आकडे लागतात.

डोंगल घेताना दोन गोष्टी मात्र बघाच. युरोपात विकला जाणारा ए2155 हा मॉडेल अर्ध्या व्होल्टचाच आहे, म्हणजे सरळ 6 डेसिबल कमी, त्यामुळे मॉडेल नंबर ए2049 आहे का ते वाचून घ्या. आणि काही अँड्रॉइड फोनवर हा पूर्ण आवाजाला पोचतच नाही, फोनचा स्लायडर फुल केला तरी डोंगलच्या आतला व्हॉल्यूम खालीच राहतो. यूएसबी ऑडिओ स्वतः हाताळणारं प्लेअर अ‍ॅप वापरलं तर सुटतं, पण मग यूट्यूब वगैरेला त्याचा उपयोग शून्य. लॅपटॉपला लावणार असाल तर हा प्रश्न येत नाही.

ई10के 32 ओहमला 200 मिलीवॅट देतो, म्हणजे हिशोब केला तर अडीच व्होल्ट, डोंगलपेक्षा 8 डेसिबल जास्त. ऐकायला फार वाटतं पण आवाज दुप्पट वाटायला ढोबळमानाने 10 डेसिबल लागतात, तेव्हा जादू वगैरे समजू नका. मला यातलं आवडलं ते म्हणजे नॉब. कट्ट आवाज करून चालू होतो, मग हाताने आवाज कमीजास्त करायचा, माऊस शोधत बसायला नको. बास बूस्टचा खटका आहे, मी बंदच ठेवतो. गेनचा, म्हणजे अँपने सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्विच मात्र कामाचा आहे. कानात घालायचे इअरफोन फार सेन्सिटिव्ह असतात आणि स्वस्त अँपमधल्या अ‍ॅनालॉग नॉबची सुरुवातीची फिरकी दोन्ही कानांना सारखी नसते, रात्री हळू आवाजात ऐकायला गेलं की गाणारी बाई आधी डाव्या कानात येते, उजवा नंतर जागा होतो. गेन लो केला की नॉब थोडा पुढे न्यावा लागतो आणि ही कटकट जाते. डोंगलमध्ये नॉबच नाही त्यामुळे तिथे हे होत नाही, इअरफोनवाल्यांना मी डोंगलच सांगेन, डोळे झाकून.

आउटपुट इम्पिडन्स पण बघून घ्या, हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा. 16 ओहमचा इअरफोन असेल तर 2 च्या आत. काही स्वस्त अँप 10 ओहमवाले असतात आणि जास्त ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) असलेल्या इअरफोनचा आवाज त्यावर चक्क बदलतो.

चिपचं म्हणाल तर 2020 च्या ऑक्टोबरमध्ये जपानात एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिप मिळेनात, मग बऱ्याच कंपन्यांनी ईएसएसवर उडी मारली. आधी एकेएमच्या मुलायम आवाजाच्या जाहिराती करायच्या आणि नंतर ईएसएसच्या डिटेलच्या, धंदा आहे चालायचंच. भोवतालचं सर्किट नीट असेल तर चिप कुठली याने या बजेटमध्ये मला तरी काही फरक जाणवत नाही. दुकानात दोन डबे लावून ऐकणार असाल तर आधी दोघांचा आवाज सारखा करा, जो किंचित मोठा असतो तोच चांगला वाटतो आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असतं.

4.4 मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकला (यात दोन्ही कानांच्या वायरी पूर्ण वेगळ्या असतात) व्होल्टेज दुपटीपर्यंत मिळतं हे खरं, पण केबल वेगळी घ्यावी लागते. साध्या हेडफोनला गरज नाही.

डेस्कटॉप कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक सांगतो. माऊस हलवला किंवा गेम चालू केला की कानात किर्र्र ऐकू येत असेल तर तो आवाज यूएसबीच्या वायरीतून येत असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे जास्त पॉवरचा अँप घेऊन तो फक्त मोठा होईल. आधी तोच डॅक चार्जर काढलेल्या लॅपटॉपला लावून बघा. तिथे शांत असेल तर ऑप्टिकल इनपुट असलेलाच डबा शोधा, त्यातून नुसता प्रकाश जातो, वीज नाही. ई10केला ऑप्टिकल नाहीये, यूएसबीच आहे, म्हणजे तुमच्यासाठी तो बाद.