कुडाळजवळची पाइनवाली नर्सरी, कोकणात पाइन लावायचाय त्यांनी आधी इथे जाऊन या

कोकणात पाइन जगतो का हा प्रश्न कोणी विचारला की उत्तर ठरलेलं असतं, छे, ते हिमालयातलं झाड, आपल्या उकाड्यात कुठे टिकतंय. हे अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं मला कळलं ते कुडाळजवळ हायवेला लागून एक जुनी नर्सरी आहे तिथे. आंबा-काजूची कलमं, माड-पोफळीची रोपं हा त्यांचा मुख्य धंदा, पण मागच्या बाजूला शेडनेटखाली पाइनच्या पिशव्या मांडलेल्या असतात आणि तिथले काका एकेक रोप हातात घेऊन जे सांगतात ते मला आजवर दुसऱ्या कुठल्या नर्सरीत कोणी सांगितलेलं नाही. त्यामुळे रिव्ह्यू जरा लांबणार आहे.

पहिलं म्हणजे ते तुम्हाला भलतं झाड पाइन म्हणून देत नाहीत. आपल्याकडे पाइन म्हणून काय काय विकलं जातं बघा, एक तर ‘ख्रिसमस ट्री’, म्हणजे अरोकेरिया, दुसरी मोरपंखी आणि तिसरा आपला किनाऱ्यावरचा सुरू, ज्याला पर्यटक सर्रास पाइन म्हणून फोटो टाकतात. यातलं एकही पाइन नाही. काकांनी सुरूची एक हिरवी काडी तोडून हातात दिली आणि ओढ म्हणाले, तर ती सांध्यावर पटकन सुटली आणि तुटल्या जागी बारीक दातांची कडी दिसली, ती कडी म्हणजेच सुरूची पानं, बाकी जी सुई आपण समजतो ती फांदीच असते. मग खऱ्या पाइनची सुई दाखवली. तीन सुया एकाच जागेतून निघालेल्या, बुडाशी तपकिरी कागदासारखं वेष्टण, आणि त्या तिन्ही चिमटीत जुळवल्या की बरोबर एक गोल काडी तयार होते. एवढं एकदा बघितलं की पुढे कोणी फसवू शकत नाही. अर्थात सगळ्याच पाइनला तीन नसतात, हिमालयातल्या ब्लू पाइनला पाच असतात, सुमात्रातल्याला दोन, पण एका बुडातून जुडी निघणं ही पाइनची खूण.

आता जात कुठली घ्यायची, इथेच सगळं अडतं. ऑनलाइन एका ठिकाणी ब्लू पाइनची रोपं ‘कुठल्याही हवेत येणारी’ म्हणून विकायला आहेत आणि मला खरंच राग येतो, कारण ते झाड साधारण १८०० मीटरच्या वरचं, त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते, आपल्याकडे जानेवारीतसुद्धा पहाटे जेमतेम चादर लागते. चिर हा हिमालयातलाच दुसरा पाइन, तो त्यामानाने खालच्या उंचीवर येतो पण त्यालाही थंडीचे महिने मिळतात. काका विकतात तो कॅरिबियन पाइन, क्युबा, बहामा, होंडुरास, निकाराग्वा या भागातला, आणि तिकडे तो थेट समुद्रसपाटीपासून वाढतो, उकाडा, जोराचा पाऊस, मग काही कोरडे महिने आणि आम्लधर्मी हलकी जमीन. हे वाचून कोकणच आठवतं ना? जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मीच असते. आणि पाइन म्हणजे थंडच मुलूख असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांच्यासाठी सांगते, सुमात्रात पाइनची एक जात विषुववृत्ताच्याही खाली जंगलात आपोआप उगवते.

पण मला ही नर्सरी आवडली ती मातीसाठी. नर्सरीच्या कोपऱ्यात एक मोठा कॅरिबियन पाइन आहे आणि प्रत्येक नवीन पिशवी भरताना त्याच्या बुडातली सुया कुजलेली माती दोन मुठी त्यात मिसळतात. मी विचारलं हे कशाला तर काकांनी एक पिशवी आडवी करून गोळा अलगद बाहेर काढला, आणि कडेच्या मुळांवर पांढरे पांढरे धागे पसरलेले, बारीक मुळांची टोकं वाय अक्षरासारखी दुभंगलेली. ती मुळांसोबत राहणारी बुरशी, पाइन तिच्याकडून पाणी आणि स्फुरद घेतो, तिला साखर देतो, आणि जिथे पाइन कधी नव्हताच अशा मातीत ही बुरशी सहसा नसते, त्यामुळे रोप पिवळं पडून तसंच खुरटत राहतं आणि लोक उन्हाला दोष देतात. प्वेर्तो रिकोमध्ये अगदी हेच झालेलं, पाइनची लागवड सारखी फसत होती, १९५०च्या दशकात पाइनखालची माती आणून रोपांना दिली तेव्हा ती धरली. काका मला म्हणाले, ‘ही माती धुवून टाकू नको हां, झाड हिच्याच जीवार जगता.’ रोपासोबत ती माती पिशवीभर वेगळी देतात, त्याचे पैसे घेत नाहीत, मागून घ्या.

लावायची पद्धतही आपल्या सवयीच्या उलट आहे. माडाला करतो तसं आळं करायचं नाही, उलट मातीचा उंचवटा करून त्यावर लावायचं म्हणजे पावसाळ्यात बुडात पाणी साचत नाही. ताजं शेणखत नको, डीएपी वगैरे रासायनिक खत भसाभस नको, आणि बुरशीनाशक मुळात ओतायचं नाही, कारण ज्या बुरशीवर झाड उभं तीच मरेल. भरपूर ऊन लागतं, कलमांच्या सावलीत लावू नका. आणि घराला, मांगराला खेटून तर अजिबात नको, सुयांमध्ये राळ असते, वैशाखात वाळक्या सुयांचा थर पेट घ्यायला वेळ लागत नाही आणि आपल्याकडे सड्यावर वणवे लागतातच. आमची जागा वेंगुर्ल्याच्या बाजूला आहे, तिथे मी गडग्यापासून लांब मोकळ्यावर लावलाय, आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय, पण फांदी एक नाही, नुसता सरळ सुयांनी भरलेला सोटा. त्याला फॉक्सटेल म्हणतात, या जातीला बारमाही उष्ण हवेत असं होतं, शेंडा थांबतच नाही. काकांनी हे विकतानाच सांगितलेलं म्हणून मी निवांत आहे, नाहीतर शेंडा छाटायला धावले असते.

समुद्राच्या अगदी तोंडावर प्लॉट असेल तर मात्र ते स्वतःच पाइन देत नाहीत, सुरू लावा म्हणतात, किंवा शोभेलाच हवं असेल तर अरोकेरिया, खारा वारा ती दोन्ही सोसतात. अरोकेरिया एका बाजूला कलतो म्हणून काहीजण भांडायला येतात म्हणे. त्यातला कुक पाइन म्हणून जो प्रकार आहे तो कलतोच, उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे, २०१७मध्ये पाच खंडांतली अडीचशेवर झाडं मोजून संशोधकांनी हे छापलंय, त्यात नर्सरीचा काय दोष.

तक्रारी आहेत. कॅरिबियनचं हातभर रोप साडेतीनशेला, ते मला महाग वाटतं कारण तेवढ्यात काजूची चांगली दोन-तीन कलमं येतात. रोपांवर लेबल नाही, शेडनेटखाली सगळ्यावर मिळून ‘पाइन’ अशी एकच पाटी, त्यात अरोकेरियाही आला, म्हणजे काका जे तोंडाने समजावतात ते पाटीने धुऊन जातं. रविवारी काका नसतात आणि असतो तो मुलगा बिचारा सगळ्याला ख्रिसमस ट्रीच म्हणतो. पॅकिंग पण यथातथा, एसटीने नेणार असाल तर शेंड्याला आधाराची काठी बांधून मागा, शेंडा मोडला की या झाडाचं वर्ष जातं.

पाचपैकी साडेचार देते, तो अर्धा पाटीसाठी कापला. जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, मेच्या शेवटच्या आठवड्यात, कारण मिरग लागला की कलमांच्या गिऱ्हाइकांची झुंबड उडते आणि काकांना बोलायला फुरसत नसते. पिशवी उचलायच्या आधी मुळांवरचे पांढरे धागे दाखवा म्हणा, ते आनंदाने दाखवतात.