रक्तवाहिनीचं आकुंचन आणि प्रसरण
दोन्ही कामं मुख्यतः धमनिकांच्या (अगदी बारीक धमन्यांच्या) भिंतीतले अनैच्छिक स्नायूच करतात; फरक हुकमाचा. थंडीत किंवा रक्तस्रावात चेतातंतूंतून नॉरॲड्रेनालिन हे रसायन सुटतं, स्नायूपेशीत कॅल्शियम वाढतं, वाहिनी आवळते. दाब तोच धरला, तर त्रिज्या निम्मी झाल्यावर प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा उरतो! म्हणून किंचित आवळणंही पुरतं.

प्रसरणाचा हुकूम बऱ्याचदा जागच्या जागी निघतो. पळताना मांडीच्या स्नायूत ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड नि पोटॅशियम वाढतं, वाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, वाहिनी सैलावते. मात्र वाहिन्या सगळीकडेच सैल पडल्या तर रक्तदाब कोसळतो. हृदयविकारातल्या छातीदुखीवर देतात त्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीने तर धमन्यांपेक्षा शिरा जास्त सैलावतात, पायांत रक्त साचतं. गोळीनंतर झटकन उठलं की भोवळ येते ती त्यामुळेच.