कारारा की बोत्तिचिनो?

इटालियन मार्बल घालायचं ठरलंय आणि गाडं आता पांढरा की क्रीम इथे अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. आमच्या आधीच्या घरी दिवाणखान्यात पांढरा कारारा होता, आताच्या घरी क्रीम रंगाचा बोत्तिचिनो आहे. सांगतोय ते अनुभवाचं, मोजमापाचं नाही. तुमचं घर वेगळं, मिस्त्री वेगळा, त्यामुळे तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

दिसण्यात काराराला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. टस्कनीतल्या अपुआन आल्प्समधला हा चुनखडक जमिनीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसून नव्यानं स्फटिक झाला, म्हणून त्याच्या तुटलेल्या कडेवर साखरेसारखे कण चमकतात. रोमन लोक तो लूनी बंदरातून जहाजानं नेत; रोममधला इ. स. ११३ चा ट्रेजनचा स्तंभ याच दगडाचा. मायकेलअँजेलोनं १५०१ साली ज्या ठोकळ्यातून ‘डेव्हिड’ घडवायला घेतला, तो काराराच्या खाणीतून निघाला तेव्हा मायकेलअँजेलोचा जन्मही झाला नव्हता. दुकानात दाखवतात ते स्टॅच्युअरिओ, कालाकात्ता, अराबेस्कातो हे सगळे याच डोंगरांतले भाऊबंद. स्टॅच्युअरिओ सर्वांत शुभ्र आणि त्याच हिशेबानं महाग, साधा बियांको कारारा किंचित राखाडी. आम्ही साधाच घातला होता आणि सकाळच्या उन्हात तो पाहिला की खर्चाचं काही वाटेनासं व्हायचं.

बोत्तिचिनो उत्तरेकडच्या लोम्बार्डीतला, ब्रेशियाजवळच्या त्याच नावाच्या गावचा. भूगर्भशास्त्राच्या भाषेत हा संगमरवर नव्हेच, घट्ट कणांचा चुनखडक आहे. पॉलिश उत्तम घेतो म्हणून बाजारानं त्याला मार्बलमध्ये बसवलं. पण त्याला कमी लेखू नका. रोममध्ये १९११ साली खुलं झालेलं राजा दुसरा व्हित्तोरिओ एमान्युएले याचं भव्य स्मारक याच दगडानं मढवलं आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. आपल्याकडे ‘बोटोचिनो’ मागितला की तुर्कस्तान-इराणचे क्रीम दगडही त्याच नावानं पुढे येतात. ते वाईट असतात असं नाही, पण भाव इटलीचा लावला जात असेल तर खाण कुठली ते विचारा.

माझा निर्णय झाला तो एका डागामुळे. बाल्कनीच्या दाराशी पावसाचं पाणी थोडं आत यायचं. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे काराराला पिवळी झाक आली. आधी मळ समजून घासलं, काही उपयोग झाला नाही. कुणीतरी ब्लीच सुचवलं, त्यानं पिवळेपणा आणखी गडद झाला. मग मशीन लावून पुन्हा पॉलिश करून घेतलं. चार महिने छान गेले, पुढच्या पावसाळ्यात डाग परत हजर. कारण नंतर समजलं: पांढऱ्या दगडात लोहाचा अंश असतो, ओल मुरली की तो आतल्या आत गंजतो. डाग दगडाच्या पोटात असतो, तो वरून घासून कसा जाणार? पाहुणे यायचे म्हटलं की आई तिथे पायपुसणं सरकवून ठेवायची. एवढ्या हौसेनं घातलेली फरशी झाकून ठेवायची, हे मला फार लागलं.

नव्या घराच्या वेळी सिल्वासाहून दोन्ही दगडांचे तुकडे आणले आणि जून ते सप्टेंबर बाल्कनीच्या कठड्यावर भिजत ठेवले. कारारा कडेनं पिवळसर पडला. बोत्तिचिनोतही काही बदललं असेल, पण ते त्याच्या क्रीम रंगात आणि तपकिरी रेघांत कुठे दिसेना. मला तेवढं पुरलं.

बोत्तिचिनोतही दोष आहेतच. त्या तपकिरी रेघा म्हणजे कमकुवत जागा. स्लॅबला मागून जाळी आणि वरून एपॉक्सीचं (घट्ट होणाऱ्या चिकट राळेचं) भरण असतं ते त्यासाठीच. आमच्याकडे तीन वर्षांनी दोन ठिकाणचं भरण निघालं, तिथे धूळ बसू लागली. मिस्त्रीनं अर्ध्या दिवसात पुन्हा भरून दिलं. दिवाणखान्यात उजेड कमी असेल तर हा दगड जरा मळकट वाटेल. तिथे पांढऱ्याचाच विचार करा, फक्त ओल येऊ देऊ नका. लिंबू, चिंच, कोकम यांच्यापुढे दोन्ही सारखेच हतबल, तेव्हा ओट्याला ग्रॅनाइट बरा. आणि दगड कुठलाही घ्या, खाली व्हाइट सिमेंटच वापरायला सांगा.

कारारा मी पूर्ण सोडलेला नाही. देवघरात दोन फुटांचा एक तुकडा बसवून घेतला आहे. तिथे पाणी पोहोचत नाही, आणि समईखाली पितळी ताटली ठेवतो.